हॉस्टेलमधली मुलगी, गावातले पप्पा आणि मधला सेन्सर: टाइप वन मधुमेह आणि फोनवरून मानसिक आधार, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण रचलेलं आहे. टाइप वन मधुमेह असलेल्या, शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलामुलींच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका मुलीभोवती बांधलं आहे. तिचे आकडे उदाहरणादाखल आहेत. मात्र चाचण्या, उपकरणं, औषधं आणि नियम यांची माहिती खरी आहे.

परिस्थिती

मुलगी १७ वर्षांची, वजन ४८ किलो. दहाव्या वर्षी टाइप वनचं निदान झालं, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. घर परळीजवळच्या गावात, वडिलांचं किराणा दुकान. दहावीनंतर नीटच्या तयारीसाठी ती लातूरला हॉस्टेलवर आली. एका खोलीत चौघी, मेसचं जेवण, रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर गुणांची यादी.

इन्सुलिन दोन प्रकारचं: रात्री १० वाजता दिवसभर पुरणारं ग्लार्जिन १८ युनिट, तिन्ही जेवणांआधी झटपट काम करणारं अ‍ॅस्पार्ट साधारण ८-८ युनिट. म्हणजे दिवसाला ४२ युनिट, किलोमागे ०.८८. या वयाला ते योग्यच आहे. वाढीच्या वयात शरीर इन्सुलिनला थोडं दाद देईनासं होतं आणि किलोमागे एक युनिटपर्यंत किंवा त्याहून जास्तही लागतं.

बारावीच्या जूनमध्ये एका रात्री तिची शुगर ४६ झाली (७० च्या खाली म्हणजे धोका). घामाने भिजून ती उठली, बोलता येईना, खोलीतल्या मुली घाबरून रडायला लागल्या. ऑगस्टमध्ये ताप आला. दोन दिवस नीट जेवण नाही, इन्सुलिन जवळपास नाही, मग उलट्या. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ४८० आणि रक्ताचा पीएच ७.१८ होता. इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं साठली होती, हा मध्यम तीव्रतेचा कीटोअ‍ॅसिडोसिस. सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी १०.९ टक्के होती, वर्षभरापूर्वी ८.१ होती.

डिस्चार्जनंतर वडिलांनी दंडावर लावायचा सेन्सर आणला. १४ दिवस चालणारा, फोन जवळ नेऊन स्कॅन करायचा. एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये. तिच्या स्कॅनची नोंद पाहता यावी म्हणून वडिलांच्या, काकांच्या आणि मामांच्या फोनवर अ‍ॅप टाकलं आणि घरचा व्हॉट्सअ‍ॅप गट उघडला. तीन आठवड्यांत ती दिवसातून एकदाच स्कॅन करू लागली, तेही सकाळी, शुगर बरी असेल असं वाटलं तरच. दवाखान्याच्या टीमकडे प्रकरण आलं ते "मुलगी ऐकत नाही, समुपदेशन करा" अशा मागणीने.

घरच्या गटावर काय चाललं होतं

"तीनशे कामून झाली? काय खाल्लीस?" असा संदेश गटावर यायचा. काका त्याखाली कारल्याच्या रसाचा व्हिडिओ टाकायचे. मामा लिहायचे, "पप्पा तुझ्यासाठी रात्रंदिवस राबतात, तू एवढंही करू नये?" तिघांचंही तिच्यावर प्रेम आहे, यात शंका नाही. ऑगस्टमध्ये पोर जाता जाता वाचली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक स्कॅन म्हणजे तीन मोठ्या माणसांसमोर उभं राहून झडती देणं होतं.

यात एक तांत्रिक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. स्कॅन करायचा सेन्सर स्वतःहून काही पाठवत नाही. मुलीने फोन दंडाजवळ नेला तरच नोंद फोनमध्ये उतरते आणि मग पुढे जाते. रात्री २ वाजता ती बेशुद्ध झाली असती तर वडिलांच्या फोनवर काहीच आलं नसतं. आपण पहारा देतोय असं तिघांना वाटत होतं आणि प्रत्यक्षात पहारा होता शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीचा. तिला मात्र कुणीच काही शिकवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अशी की सेन्सरमध्ये फक्त ८ तासांची नोंद साठते. हॉस्टेलचा नियम होता की फोन सकाळी थोडा वेळ आणि रात्री ९ ते ९:४५ एवढाच मिळेल. त्यामुळे दोन स्कॅनमध्ये १२-१४ तासांची फट पडायची आणि आलेखात मोकळी जागा दिसायची. वडिलांना ती लपवाछपवी वाटायची. काही वेळा ती खरंच लपवाछपवी होती, पण बऱ्याचदा फोन रेक्टर मॅडमच्या कपाटात होता.

तिसरी गोष्ट: सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं की तिथला रक्तप्रवाह दबतो आणि वाचन खोटंच कमी येतं. एकदा सकाळच्या स्कॅनमध्ये रात्री ३ वाजता ५८ दिसली आणि घरून फोन आला, "रात्री लो गेली होतीस, सांगितलं का नाहीस?" ती गाढ झोपली होती. आपण न केलेल्या चुकीबद्दलही ओरडा बसतो, हे त्या दिवसानंतर तिच्या मनात पक्कं झालं.

मोजमाप

पहिली भेट प्रत्यक्ष झाली. ती तशीच व्हायला हवी. कीटोअ‍ॅसिडोसिसमधून नुकत्याच उठलेल्या मुलीची पहिली भेट व्हिडिओवर घेणं टाळावं.

तीन प्रश्नावल्या भरून घेतल्या. मधुमेहाचा मानसिक ताण मोजणारी पेड-टी ही किशोरांसाठीची प्रश्नावली. १९९५ मध्ये बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात प्रौढांसाठी केलेल्या पेडवरून ती पुढे आली. तिच्या १४ प्रश्नांच्या आवृत्तीत प्रत्येक उत्तराला १ ते ६ गुण असतात. मुलीचे एकूण ५८ झाले. बेरजेपेक्षा कोणत्या ओळीवर ६ दिले हे पाहणं जास्त कामाचं. तिने सर्वांत जास्त गुण दिले ते घरच्यांच्या सतत मागे लागण्याला आणि कितीही केलं तरी कमीच पडतं या भावनेला. भविष्यातल्या आजारांच्या भीतीचे गुण त्यामानाने कमी होते. डोळे-किडनीची भीती दाखवणारी व्याख्यानं तिला आणखी दिली असती तर वायाच गेली असती.

खाण्याच्या विकारांसाठी डेप्स-आर घेतली. १६ प्रश्न, कमाल ८० गुण, २० किंवा जास्त आले तर नीट तपासायचं. इन्सुलिन चुकवणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही पायरी सोडू नये. इन्सुलिन टाळलं की वजन उतरतं हे अनेकींना आपोआप कळतं आणि ती सवय जीवघेणी ठरू शकते. हिचे १४ आले. इन्सुलिन चुकतं हे तिने मान्य केलं, पण त्यामागे वजन नव्हतं.

नैराश्यासाठी पीएचक्यू-ए ही ९ प्रश्नांची प्रश्नावली, कमाल २७ गुण. तिचे १३ आले, म्हणजे मध्यम. इथे घाई केली तर फसगत होते. १३ पैकी ८ गुण थकवा, झोप, भूक आणि एकाग्रता या चार ओळींचे होते. शुगर आठवडेच्या आठवडे तीनशेजवळ राहिली की माणूस थकतो, रात्री लघवीला चार वेळा उठतो, वर्गात डोकं चालत नाही. ही चारही लक्षणं मन शाबूत असतानाही येतात. म्हणून इन्सुलिन नियमित झाल्यावर तीन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरायची असं ठरलं. तेव्हा त्या चार ओळींचे गुण ८ वरून ३ वर आले. उरलेल्या ओळींचे ५ होते ते ५ च राहिले. उदासपणा होता तेवढाच होता आणि "मी घरच्यांना निराश केलं" या ओळीचा गुणही हलला नव्हता. मनावरचा भार खरा होता. फक्त त्याचा आकार आता स्पष्ट दिसू लागला.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पहिल्या भेटीत तिथे तिने "काही दिवस" वर खूण केली होती. हा प्रश्न एकूण बेरजेत बुडवायचा नसतो. ज्या दिवशी खूण दिसेल त्याच दिवशी, मुलीला एकटीला, सरळ शब्दांत विचारायचं: मरून जावं असं वाटतं का? स्वतःला काही करण्याचा विचार येतो का? इन्सुलिन जास्त घ्यावं किंवा अजिबात घेऊच नये असं मनात आलं का? शेवटचा प्रश्न मधुमेहाच्या रुग्णाला विचारायलाच हवा. विचारल्याने विचार डोक्यात येतो, ही भीती निराधार आहे. तिचं उत्तर होतं, "सगळं थांबावं असं वाटतं. करायचं काही नाही." योजना नाही, पूर्वीचा प्रयत्न नाही.

त्याच बैठकीत एका पानाची सुरक्षितता योजना लिहिली: कोणत्या क्षणी विचार येतो (सोमवारची यादी, रात्रीचा फोन), तेव्हा ती काय करेल, कुणाजवळ जाईल, कुणाला फोन करेल. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यात होता. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येतं. साधनं दूर ठेवण्याचा नेहमीचा सल्ला मात्र इथे अर्धाच लागू पडतो, कारण इन्सुलिन काढून घेता येत नाही. खोलीत प्रत्येक प्रकारचं एकच पेन ठेवायचं आणि जास्तीची पेनं रेक्टर मॅडमच्या फ्रिजमध्ये, एवढं करता आलं. पण एका पेनात ३०० युनिट असतात, म्हणजे धोका राहतोच. अशा वेळी भरवसा वस्तूंच्या कुलपावर ठेवता येत नाही. जवळच्या माणसावर ठेवावा लागतो.

इन्सुलिन का चुकत होतं

उत्तर एक नव्हतं, तीन होती, आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिलं अगदी साधं. चालू पेनसुद्धा फ्रिजमध्येच हवं असा घरचा समज होता. फ्रिज ऑफिसमध्ये. म्हणजे दर जेवणाला रेक्टर मॅडमकडे जायचं, किल्ली मागायची, चार मुली बघणार. खरं म्हणजे वापरात असलेलं पेन ३० अंशांखाली २८ दिवस बाहेर राहू शकतं. न उघडलेली पेनं तेवढी २ ते ८ अंशांत लागतात. लातूरच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३० च्या वर जातं, तेव्हा पेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायचं. या एका दुरुस्तीने दुपारचा डोस परत सुरू झाला. मानसिक आधाराच्या नावाखाली आठ बैठका घेऊन जे झालं नसतं ते मडक्याने झालं. मनाचं कारण शोधण्याआधी किल्ली कुणाकडे आहे हे विचारावं.

दुसरं कारण जूनची रात्र. ४६ ची धास्ती बसल्यापासून ती ग्लार्जिन १८ ऐवजी १० च घेत होती आणि शुगर अडीचशेच्या वर असल्याशिवाय झोपत नव्हती. "भिऊ नको" म्हणून ही भीती जात नाही. त्या रात्री नेमकं काय झालं हे शोधलं. रात्री ९:३० ला ८ युनिट घेऊन जेवण. ११ वाजता बोटाच्या चाचणीत २९०, म्हणून घाबरून आणखी ५ युनिट. अ‍ॅस्पार्टचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो, म्हणजे ११ वाजता आधीच्या ८ पैकी निम्म्याहून जास्त काम करायचं बाकी होतं. तिच्या रोजच्या ४२ युनिटच्या हिशोबाने १ युनिट साधारण ४० ने शुगर उतरवतं (१८०० ला रोजच्या एकूण युनिटने भागायचं). नुसते ५ युनिटच तिला ९० वर आणणार होते, त्यावर आधीचं शिल्लक. दोष ग्लार्जिनचा नव्हताच. डोसवर डोस चढला होता.

हे कागदावर मांडल्यावर भीतीला कारण मिळालं आणि कारणाला नियम: जेवणाच्या डोसनंतर ४ तासांत दुरुस्तीचा, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचा, डोस नाही. मग मधुमेहतज्ज्ञांच्या सल्ल्याने ग्लार्जिन दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवत १० वरून १६ वर नेलं. प्रत्येक पायरीला पहिल्या रात्री २ वाजताचा गजर लावून तपासणी. प्रत्येक पायरीआधी ती लिहायची, "आज किती होईल असं वाटतं?" आणि सकाळी खरा आकडा. अंदाज ६०-७०, प्रत्यक्षात १४०-१९०. असे तीन कागद जमल्यावर तिने स्वतःच २ चा गजर बंद केला.

तिसरं कारण लाज. मेसमध्ये सुई काढायची नाही. खोलीतच १५ मिनिटं आधी घेऊन जायचा प्रयत्न केला, पण मेसची रांग कधी कधी २५ मिनिटांची, आणि ताटात काय येणार तेही ठाऊक नाही. रांगेतच हात थरथरायला लागले. म्हणून ठरलं की ताट हातात आल्यावर, टेबलाशी बसून घ्यायचं. शुगर थोडी चढते, पण डोस चुकत नाही, आणि या टप्प्यावर तेच महत्त्वाचं. लोकांनी विचारलं तर काय म्हणायचं ते वाक्य व्हिडिओवर दहादा म्हणून घेतलं: "मला टाइप वन आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं." एवढंच. कसा झाला, गोड खाल्लंस का, लग्नाचं काय, यांची उत्तरं देणं तिच्यावर बंधनकारक नाही.

फोनवरची बैठक प्रत्यक्षात कशी चालली

आठवड्यातून एकदा, ४० मिनिटं, नैदानिक मानसशास्त्रज्ञांबरोबर, आठ आठवडे, पुढे पंधरवड्याने. डोस आणि आकडे मधुमेह शिक्षिकेकडे, दुसऱ्या दिवशी, वेगळ्या फोनवर. ही फारकत मुद्दाम केली होती. मनाबद्दल बोलायला बसलेल्या माणसाने पहिल्याच मिनिटाला "काल २८० कशी?" विचारलं की बैठक संपते, मुलगी समोर बसलेली दिसली तरी.

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरांनी अल्पवयीन रुग्णाला सल्ला ओळख पटलेल्या प्रौढाच्या सोबतच द्यायचा असतो. समुपदेशनालाही तीच शिस्त लावली. पहिली १० मिनिटं आई किंवा पप्पा गावाहून कॉलमध्ये असायचे, मग ते बाहेर पडायचे. आत काय बोललं गेलं ते त्यांना सांगितलं जाणार नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र सांगितलं जाईल. हे पहिल्याच दिवशी तिघांसमोर बोललं गेलं. नंतर सांगितलं तर मुलीला तो विश्वासघात वाटतो.

चौघींच्या खोलीत एकांत कुठला? गच्ची, बैठकीपुरता मिळालेला फोन, कानात इअरफोन आणि एक ठरलेलं वाक्य. ती "नोट्स पाठव" म्हणाली की कुणीतरी आलंय असं समजायचं आणि विषय अभ्यासाचा करायचा. पावसाळ्यात गच्चीवर रेंज जायची. म्हणून व्हिडिओ तुटला तर ५ मिनिटांत साधा फोन, तोही लागला नाही तर रात्री ९ वाजता संदेश, हा क्रम लिहून ठेवला होता. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ती आता कुठे आहे आणि जवळ मोठं माणूस कोण आहे, हे विचारायचं. कॉलवर असताना काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे त्याशिवाय कळत नाही.

मधल्या दिवसांसाठी संदेश, पण उत्तर संध्याकाळी ७ ते ९ मध्येच. बाकी वेळी आपोआप जाणारा मजकूर: शुगर ७० खाली असेल तर आधी १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मन फार खाली गेलं असेल तर १४४१६, तातडी असेल तर १०८ किंवा ११२. चॅटवर कुणीतरी सतत जागं आहे असा आभास निर्माण करणं हा या सेवांमधला सर्वांत मोठा दोष आहे.

तिने आधी एक मोफत चॅटबॉट वापरला होता. "हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतोय" असं लिहिल्यावर त्याने चार सेकंद श्वास आत, चार सेकंद बाहेर असा व्यायाम दिला होता. घबराट आणि उतरलेली शुगर यांची लक्षणं बाहेरून हुबेहूब सारखी असतात. ५५ शुगर असताना श्वास मोजत बसणं धोक्याचं आहे. म्हणून पहिला नियम: आधी बोटाची चाचणी, मग श्वास. चाचणी करणं शक्य नसेल तर आधी साखर. सेन्सरवरही तेव्हा विसंबू नये, कारण शुगर वेगाने उतरत असताना तो ५ ते १० मिनिटं मागे असतो.

बैठकांमधला सर्वांत अवघड भाग गुणांचा होता. सोमवारची यादी आणि शुगरचा आकडा तिच्या मनात एकच झाले होते; २८० म्हणजे नापास. तिच्याकडून एक आठवडा प्रत्येक आकड्यापुढे तीन कारणं लिहून घेतली: जेवण, डोस, इतर. "इतर"मध्ये पाळी, जागरण, चाचणीचा ताण, सर्दी, सुई एकाच जागी टोचून झालेली गाठ. आठवड्याअखेर निम्म्याहून जास्त चढलेल्या आकड्यांमागे तिचा काही गुन्हा नव्हता. पोटावर डाव्या बाजूला खरंच गाठ सापडली. ती जागा सोडल्यावर डोस अधिक लागू पडू लागला आणि त्या आठवड्यात एकदा शुगर ६२ वर आली. जागा बदलली की डोस पुन्हा पाहावा लागतो, ही सूचना आधीच द्यायला हवी होती.

आई-पप्पांबरोबरची बैठक

या प्रकरणाचा काटा इथे फिरला. पाचव्या आठवड्यात दीड तासाची बैठक झाली. सुरुवातीला सेन्सर कसा चालतो ते वडिलांना आलेखावर दाखवलं. आपल्या अ‍ॅपने रात्री काहीच कळणार नव्हतं हे समजल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग मी करू तरी काय?"

यावर उत्तर तयार हवं. नाहीतर पालक पुन्हा अ‍ॅपकडेच वळतात. उत्तर एका पानावर लिहून तिघांनी सह्या केल्या. काका आणि मामांची अ‍ॅप काढायची, गट बंद. फोनऐवजी सेन्सर वाचायचं वेगळं छोटं यंत्र घ्यायचं. त्यात सिमकार्ड नसतं, त्यामुळे हॉस्टेलला हरकत नाही आणि नोंद कुठेही जात नाही. रविवारी रात्री फोन हातात आला की तिने स्वतः शिक्षिकेला आलेख दाखवायचा. सेन्सर यंत्रानेच सुरू करायचा आणि तासाभराच्या आत फोनही जोडायचा. क्रम उलटा झाला तर दोन्हींवर चालत नाही. रोज रात्री ९:१५ ला आईचा एकच फोन, पहिला प्रश्न शुगरचा नसेल. पप्पांचं काम: स्ट्रिप आणि सुया महिन्याच्या २५ तारखेला पोचवायच्या आणि रेक्टर मॅडमशी पंधरा दिवसांनी बोलायचं. वडिलांना काम लागतं. नुसतं "काळजी करू नका" सांगून त्यांची काळजी जात नाही.

सेन्सर दर महिन्याला परवडणारा नव्हता, त्यामुळे दोन महिन्यांतून एक. मधल्या काळात दिवसाला ४-५ बोटाच्या चाचण्या. मानसिक आधारासाठी सेन्सर लागतच नाही.

हॉस्टेलसाठी डॉक्टरांचं पत्र तयार केलं आणि त्याला राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्यांना दिलेल्या सूचनांची प्रत जोडली. शाळेत शुगर तपासणं, इन्सुलिन घेणं, मधल्या वेळी खाणं यांना मुभा द्यावी असं त्यात म्हटलं आहे. हॉस्टेल ही शाळा नाही, पण सरकारी कागद पाहिल्यावर बोलणं सोपं झालं. शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला, मुलीच्या संमतीने, २० मिनिटं शिकवलं: शुद्धीत असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन. तापात किंवा उलट्या होत असताना ग्लार्जिन कधीही बंद करायचं नाही, शुगर अडीचशेच्या वर राहिली तर लघवीच्या पट्टीने कीटोन पाहायचे, हे दोघींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

बिघाड

नोव्हेंबरमध्ये एका चाचणीत तिचा क्रमांक खूप खाली गेला. तीन दिवस एकही तपासणी नाही, एक बैठक चुकली. दवाखान्याच्या यंत्रणेतून आपोआप संदेश गेला: "आपली माहिती अपुरी आहे, कृपया नियमित नोंद करा." तिने नंबर ब्लॉक केला. हा मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्या दिवशी तो संदेश मामांच्या संदेशासारखाच वाचला गेला. चुकलेल्या बैठकीनंतर २४ तासांत माणसाने फोन करायचा, हा नियम कागदावर होता. यंत्राने संदेश पाठवला म्हणून माणसाने केला नाही. चौथ्या दिवशी शिक्षिकेने आईच्या नंबरवरून संपर्क साधला. ती सुखरूप होती, ग्लार्जिन घेत होती, फक्त बोलायचं नव्हतं.

त्यानंतर आपोआप जाणारे सगळे संदेश बदलले. आता बैठक चुकली की जातं ते एवढंच: "आज भेट झाली नाही. उद्या ७ वाजता फोन करते. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं 'ठीक' लिही." आणि नववा प्रश्न पुन्हा तोंडी विचारला गेला. उत्तर नकारार्थी होतं.

चार महिन्यांनंतर

एचबीएवनसी १०.९ वरून ९.२. बहुतेकांसाठी सांगितल्या जाणाऱ्या ७ च्या लक्ष्यापासून अजून दूर. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, शिवाय नोव्हेंबरचा आठवडाही त्यात आहे. सेन्सर लावलेल्या पंधरवड्यात ७० ते १८० मधला वेळ २४ टक्क्यांवरून ४१ टक्के. पेड-टी ५८ वरून ४०. पीएचक्यू-ए ५, नवव्या ओळीवर शून्य. कीटोअ‍ॅसिडोसिस पुन्हा नाही. नैराश्याच्या औषधाची गरज मनोविकारतज्ज्ञांना वाटली नाही.

मन हलकं झालं की एचबीएवनसी लगेच उतरेल, असं गृहीत धरून असे कार्यक्रम आखले तर ते अपयशी वाटतात आणि बंद पडतात. अमेरिकेत १४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी झालेल्या स्टेप्स या मनाच्या लवचिकतेच्या प्रशिक्षणाच्या चाचणीत तीन वर्षांत मधुमेहाचा ताण कमी राहिला, एचबीएवनसीत मात्र तसा फरक दिसला नाही. येलच्या गटाने ११ ते १४ वर्षांच्या ३२० मुलांवर इंटरनेटवरून दोन कार्यक्रम करून पाहिले, एक ताण हाताळण्याचा आणि एक मधुमेहाच्या शिक्षणाचा. त्यांत ज्यांनी दोन्ही पूर्ण केले त्यांना जास्त फायदा झाला. या प्रकरणातही मडकं, ४ तासांचा नियम आणि बैठक, तिन्ही एकत्र लागले.

फेब्रुवारीत मुलगी १८ वर्षांची होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. त्या वाढदिवसानंतर संमती तिची. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या बैठकीत सहीचं पान पुन्हा लिहायचं ठरलं आहे, यावेळी लेखणी तिच्या हातात. आलेख कोण पाहणार, तातडीत पहिला फोन कुणाला, पुढच्या शहरातल्या डॉक्टरांकडे कोणती कागदपत्रं जाणार, हे ती ठरवेल. तिने आत्ताच सांगितलंय की ९:१५ चा आईचा फोन ठेवायचा आहे. नीटच्या केंद्रावर साखरेच्या गोळ्या, फळ आणि पारदर्शक बाटली नेण्याबद्दलचं माहितीपुस्तिकेतलं पान छापून घेणं आणि दंडावरच्या सेन्सरबद्दल केंद्राशी आधी बोलणं, हे काम पप्पांनी स्वतःकडे मागून घेतलं आहे.